कुळाचा इतिहास कसा शोधावा?

शिवाजी महाराजांच्या वडिलांचे व आजोबांचे नाव आपण बिनचूक सांगतो. परंतु स्वतःच्या कुळाची चौथी पिढी कोणी विचारली, की आपली जीभ अडखळते. ही उणीव भरून काढणे कठीण नाही. मात्र त्यास विलंब लावून चालणार नाही.

पहिले साधन म्हणजे घरातील वृद्ध मंडळी. कागद उद्याही वाचता येईल. आजीची आठवण उद्या हाती लागेलच असे नाही. आपले पाचोड ज्या पैठण तालुक्यात आहे, तो तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.

वृद्धांस साल विचारू नये, प्रसंग विचारावा. ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आपण केवढे होतात? १९७२ च्या दुष्काळात घरातील कोण खडी फोडावयास गेले? जायकवाडीचे धरण झाले, तेव्हा कोणाचे गाव पाण्याखाली गेले?’ असे पुसले म्हणजे काळ आपोआप कळतो. कारण त्या धरणाचे काम १९६५ ते १९७६ या काळात झाले. ऐकलेले त्याच दिवशी वहीत उतरावे. कोणी सांगितले व कोणत्या तारखेस, हेही लिहावे.

वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. म्हणून पणजीचे माहेर, तिच्या आईवडिलांची नावे व लग्नापूर्वीचे तिचे स्वतःचे नाव अगत्याने विचारावे. अन्यथा अर्धे कुळ अंधारातच राहील.

यानंतर कागदांकडे वळावे. घरातील पेटीतले खरेदीखत, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला यांपैकी काहीही टाकू नये. जमिनीसंबंधी १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक तहसील कार्यालयात अर्ज करून पाहावे. जुन्या दप्तरात आडनाव पुष्कळदा नसते. म्हणून नाव, बापाचे नाव व गाव या तिन्हींवरून शोध करावा. निजामी कागद बहुधा उर्दूत व काही मोडीत असतात. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा या लिप्या जाणणाऱ्यांचे मोल सर्वांस कळले. त्या कागदांवरील साल फसली असते. त्यात ५९० मिळवावे. फसली १३५० म्हणजे इ. स. १९४०-४१ होय.

त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या यजमानांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. तेथे मूळ गाव सांगितल्याने शोध सुलभ होतो. ख्रिस्ती कुटुंबांस चर्चमधील बाप्तिस्म्याची व विवाहाची रजिस्टरे, तर काही मुस्लीम घराण्यांस जपून ठेवलेला शजरा उपयोगी पडतो.

तथापि कागदही चुकतो. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसल्यास गुरुजी अंदाजाने १ जून लिहीत; म्हणून अशा दाखल्यावरून वय निश्चित करू नये. एकच गोष्ट दोन स्वतंत्र ठिकाणी आढळली, तरच ती पक्की मानावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडून घराघरांतील जुनी दप्तरे मिळवीत, ते अशा पुराव्यासाठीच.

शोधात पराक्रमी सरदार सापडेलच असे नाही. कोणी सालगडी निघेल, कोणी दुष्काळात गाव सोडून आलेला निघेल. त्यात लाज कसली? त्याने दुष्काळ काढला, लेकरे जगविली, म्हणून आज आपण या शाळेत बसलो आहोत. तेव्हा येत्या सुट्टीत एक कोरी वही घ्यावी आणि घरातील सर्वांत वडील माणसाजवळ जाऊन बसावे.