लिंबू-मोटारींची शर्यत

शर्यत म्हटली की जो सर्वांत वेगवान तोच श्रेष्ठ, असे आपण मानतो. अमेरिकेत 2006 साली सुरू झालेल्या ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या हौशी चालकांच्या शर्यतीची रीत मात्र निराळी आहे. फ्रान्समधील ‘ल मान्स’ येथील चोवीस तासांच्या विख्यात शर्यतीच्या नावावर केलेली ही कोटी होय. ‘लेमन’ म्हणजे लिंबू. आणि तेथील बोलीत वरचेवर बिघडणाऱ्या मोटारीलाही ‘लेमन’च म्हणतात!

या शर्यतीतील मोटार पाचशे डॉलरांहून महाग नसावी, असा नियम आहे. चालकाच्या रक्षणासाठी बसवलेल्या पोलादी पिंजऱ्याचा खर्च मात्र त्यात धरीत नाहीत. काटकसर करावी ती मोटारीत. जिवाच्या बाबतीत नव्हे.

शर्यत बहुधा शनिवार-रविवारी होते. संघातील चालक आळीपाळीने मोटार हाकतात. ठरलेल्या वेळात सर्वाधिक फेऱ्या पुऱ्या करणारा संघ पहिला येतो. पुढची मोटार मागे टाकण्याचा मोह कोणाला होत नाही? परंतु त्या मोहापायी मोटार घसरली, तर पंच चालकाला थांबवून जाब विचारतात. मोटारच मोडली, तर वाट पाहत उभ्या असलेल्या सवंगड्यांची पाळी बुडते. एकाचा उतावळेपणा सर्वांना भोवतो.

आणि येथील सर्वोच्च मान? तो पहिल्या आलेल्या संघाला नव्हे, तर अत्यंत निकृष्ट मोटारीकडून अधिकात अधिक काम करून घेणाऱ्या संघाला मिळतो. उत्तम साधने हाती असता यश मिळवणे सोपे. अपुऱ्या साधनांनिशी नेटाने टिकून राहणे, हीच खरी कसोटी होय.

स्वाध्याय : ‘एकाचा उतावळेपणा सर्वांना भोवतो’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.