महानगरपालिकेचे प्रभाग : सीमा कशी ठरते?

महानगरपालिकेची निवडणूक म्हटली की मतदान, मतमोजणी आणि महापौरांची निवड या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. परंतु कोणत्या वस्तीने कोणत्या वस्तीबरोबर मिळून आपला नगरसेवक निवडावयाचा, हा प्रश्न त्यापूर्वी कित्येक महिने आधीच नकाशावर सुटलेला असतो. त्या नकाशाकडे नागरिकांचे लक्ष फारसे जात नाही. वास्तविक निकालावर त्याचा परिणाम मोठा होतो.

जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार, स्वीकृत सदस्यांसारखे मोजके अपवाद वगळता, नागरी संस्थेतील सर्व जागा प्रादेशिक मतदारसंघांतून प्रत्यक्ष निवडणुकीने भरावयाच्या असतात. या मतदारसंघालाच महाराष्ट्रात ‘प्रभाग’ म्हणतात. मुंबईत या शब्दाबाबत थोडा घोटाळा होतो. तेथे ‘ए वॉर्ड’, ‘जी उत्तर’ ही नावे महानगरपालिकेच्या प्रशासकीय विभागांची आहेत. नगरसेवक निवडला जातो तो १ ते २२७ असे क्रमांक असलेल्या निवडणूक प्रभागांतून. प्रभागांची आखणी उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेत संपवावयाची असा दंडक असल्याने, पहिला क्रमांक दहिसरला आणि अखेरचा कुलाब्याला मिळतो.

आखणीचा पाया लोकसंख्या हा आहे, मतदारसंख्या नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. तिला २२७ ने भागले असता प्रत्येक प्रभागास सरासरी ५४,८१२ लोक येतात. या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांपर्यंत कमी-अधिक लोकसंख्या चालते. म्हणजे प्रभाग साधारणतः ४९,३३१ ते ६०,२९३ या मर्यादेत बसवावा लागतो. मोजणीचा घटक असतो जनगणनेचा प्रगणक गट. जनगणनेच्या वेळी एखाद्या शिक्षकाने घरोघर फिरून जो गट मोजला, तोच पुढे प्रभागाच्या भिंतीतील वीट ठरतो, आणि ही वीट शक्यतो फोडावयाची नसते. सीमा मोठे रस्ते, नाले, नद्या, लोहमार्ग यांवरून न्यावी आणि एखादी इमारत, चाळ किंवा दलित वस्ती दोन प्रभागांत विभागली जाऊ नये, अशीही अपेक्षा असते.

गणित सोपे असले तरी त्याचा आधार जुना झाला आहे. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी होऊ शकली नाही, म्हणून २०२५ मधील प्रभागरचनाही २०११ च्याच आकड्यांवर करावी लागली. गावठाणाची जुनी पेठ चौदा वर्षांत फारशी वाढत नाही. शहराच्या कडेची वसाहत मात्र दुप्पट होऊ शकते. कागदावर समान असलेल्या दोन प्रभागांतील मतदारांच्या संख्येत त्यामुळे मोठी तफावत पडते. कडेच्या वसाहतीतील मतदाराच्या मताचे वजन तेवढ्या प्रमाणात घटते.

एका प्रभागातून किती सदस्य निवडावयाचे, हेही स्थिर राहिलेले नाही. मुंबईत एका प्रभागास एक सदस्य ही पद्धती टिकून आहे. पुण्यात मात्र २००२ साली तीन सदस्यांचे, २००७ साली एका सदस्याचे, २०१२ साली दोन सदस्यांचे आणि २०१७ साली चार सदस्यांचे प्रभाग झाले. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत तेथे १६५ जागांसाठी ४१ प्रभाग होते. त्यांपैकी ४० चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. अशा प्रभागात अ, ब, क, ड अशा स्वतंत्र जागा असतात व मतदार प्रत्येक जागेसाठी एकेक मत देतो. मोठ्या प्रभागामुळे नगरसेवकाची दृष्टी गल्लीपुरती राहत नाही, हा या पद्धतीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खोटा नाही. पण नळाला पाणी आले नाही तर चौघांपैकी कोणाकडे जावयाचे, हे मतदाराला उमगत नाही. आणि पक्षाचे पाठबळ नसलेल्या उमेदवाराला एवढा परिसर पायाखाली घालणे परवडत नाही. दोन्ही पारड्यांत वजन टाकून पाहिले तर उत्तरदायित्वाच्या दृष्टीने एकसदस्यीय प्रभागच सरस वाटतो.

सीमा ठरल्यावर आरक्षण येते. अनुसूचित जातींसाठीच्या जागा त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण जेथे सर्वाधिक आहे अशा प्रभागांपासून उतरत्या क्रमाने दिल्या जातात. महिलांच्या जागा सोडतीने ठरतात. चिठ्ठ्या बहुधा शाळकरी मुलांच्या हातून काढल्या जातात. महिलांसाठीचे प्रमाण २०११ पासून निम्मे आहे. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये निर्णय दिल्यानंतर हे आरक्षण व प्रभागरचना या दोहोंवरून दीर्घ वाद चालला. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता.

प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी थोडे दिवस मिळतात, त्यानंतर सुनावणी होते. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याच मजकुराचा अर्ज तेथे टिकत नाही. अमुक प्रगणक गट नाल्यापलीकडे गेला आहे, तो अलीकडे घेतल्यास दोन्ही प्रभागांची लोकसंख्या मर्यादेत राहते, असे आकड्यांसह मांडावे लागते. शहरात नव्याने समाविष्ट होणाऱ्या गावांना तर याची विशेष गरज आहे. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. स्वतःची ग्रामपंचायत असलेले गाव एका प्रभागाचा कोपरा होऊन बसते, आणि नकाशा वाचू शकणारा माजी सरपंच किंवा सदस्यच त्याची बाजू सुनावणीत नीट मांडू शकतो.

मतदार यादीचा टप्पा याहून निराळा आहे. विधानसभेची यादीच प्रभागनिहाय फोडली जात असल्याने या वेळी नवे नाव घालता येत नाही. सीमेवरील गल्लीतील नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले असेल तर तेवढी दुरुस्ती होऊ शकते, तीही मुदतीत अर्ज केला तरच.