मोटारसायकलची निगा : शहापूर-मुरबाडच्या नवशिक्या चालकांसाठी एक पाठ

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन डोंगराळ तालुके होत. मुंबई-आग्रा महामार्ग शहापूर तालुक्यातून कसारा घाटाकडे चढतो, तर कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता मुरबाड तालुक्यातून माळशेज घाट चढतो. या दोन रस्त्यांवरील गावांना वाहनांची उणीव भासत नाही. परंतु डोळखांब, किन्हवली, शेणवे, धसई, टोकावडे, म्हसा या भागांतील आडवाटेच्या पाड्यांवर पोहोचावयाचे म्हणजे मोटारसायकलवाचून सोय नाही. शहापूरकरांना आसनगावचे रेल्वेस्थानक जवळ आहे, पण मुरबाडचे दळणवळण रस्त्यावरच अवलंबून आहे. पाड्यावरील शाळेत जाणारे शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेवक आणि दुधाच्या किटल्या नेणारा शेतकरी या सर्वांचे वेळापत्रक मोटारसायकलीच्या प्रकृतीशी जोडले गेले आहे.

अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर केवळ गैरसोय होते असे नाही. शाळा उशिरा उघडते, लस वेळेवर पोहोचत नाही आणि रात्री-अपरात्री रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावयाचे असल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून स्वतःच्या गाडीची प्राथमिक निगा स्वतः राखणे आणि लहानसहान बिघाड ओळखणे हे प्रत्येक चालकाने शिकावयास हवे. पूर्वी हातात पाना न धरलेल्या व्यक्तीसही काही आठवड्यांच्या सरावाने हे जमते. कोठून आरंभ करावा, काय करावे आणि कोठे थांबावे, याची माहिती या पाठात दिली आहे.

यंत्राची ओळख

एकेकाळी ग्रामीण महाराष्ट्रात राजदूत, येझदी आणि बुलेट या गाड्यांचा दबदबा होता. त्यांपैकी राजदूत व येझदी या दोन-स्ट्रोक गाड्या असून त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सी. डी. १०० ही चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली आणि कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर तोडणाऱ्या हलक्या गाड्यांचे युग सुरू झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाली. तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली. आपली गाडी कार्ब्युरेटरची आहे की फवारणीची, हे विद्यार्थ्याने प्रथम जाणून घ्यावे, कारण दुरुस्तीची मर्यादा त्यावरून ठरते.

चार-स्ट्रोक इंजिनाचे कार्य समजण्यास कठीण नाही. पिस्टन खाली येताना हवा व पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर जाताना ते मिश्रण दाबले जाते. प्लगच्या ठिणगीने ते पेटते व पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळालेला वायू सायलेन्सरवाटे बाहेर टाकतो. म्हणजेच इंजिनास हवा, पेट्रोल, ठिणगी आणि पुरेसा दाब या चार गोष्टी लागतात. इंजिन सुरू होत नसेल तर यांपैकी कशाची तरी उणीव आहे, एवढे सूत्र ध्यानात ठेवल्यास निम्मे निदान झाले असे समजावे.

साहित्य आणि शिस्त

आरंभी फार अवजारांची गरज नाही. १०, १२ व १४ मिलिमीटरचे पाने, चाकाच्या एक्सेलच्या नटास बसणारा पाना, प्लग पाना, दोन प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, पकड, हवेचा पंप, हवेचा दाब मोजण्याचे साधन आणि स्वच्छ फडके एवढे साहित्य पुरते. याशिवाय गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका जपून ठेवावी. प्रत्येक नमुन्याच्या गाडीचे आकडे निराळे असतात. या पाठातील आकडे स्थूल मानाचे असून पुस्तिकेतील आकडा हाच प्रमाण मानावा.

काम करताना गाडी सपाट जमिनीवर मुख्य स्टँडवर उभी करावी. इंजिन व सायलेन्सर थंड होऊ द्यावे. पेट्रोलचे काम उघड्यावर करावे, जवळ विडी वा चूल पेटलेली नसावी. काढलेले भाग ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने थाळीत मांडून ठेवावेत आणि उलट्या क्रमाने बसवावेत. प्रत्येक नट प्रथम हाताने काही आटे फिरवून मगच पाना लावावा. नवशिक्याच्या हातून होणारे बहुतेक नुकसान आडवा बसलेला नट जोराने आवळल्यामुळे होते. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि केलेले काम लिहीत जावे. ही वही पुढे मिस्त्रीसही उपयोगी पडते.

पहिले धडे

*टायर.* सकाळी गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना, हवेचा दाब पाहावा. १०० सीसीच्या अनेक गाड्यांत पुढच्या टायरमध्ये साधारण २५ पौंड हवा लागते. मागच्या टायरमध्ये त्याहून अधिक लागते आणि मागे माणूस वा ओझे असल्यास ती आणखी वाढवावी लागते. टायरची नक्षी झिजून तिच्यातील खुणेच्या उंचवट्याशी आली की टायर बदलावा. ट्यूबच्या टायरचे पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावून थांबू नये. टायरच्या आतील बाजूने सावकाश फडके फिरवून खिळा किंवा काटा शोधावा. तो आतच राहिल्यास थोड्याच अंतरावर पुन्हा पंक्चर होते.

*इंजिन ऑईल.* ऑईलची पातळी दर आठवड्यास पाहावी. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटांनी मापकांडी पुसून पुन्हा आत घालावी व दोन खुणांच्या दरम्यान ऑईल आहे याची खात्री करावी. ऑईल बदलताना इंजिन कोमट असावे म्हणजे गाळ सहज वाहून येतो. मोटारगाडीसाठीचे ऑईल मोटारसायकलीत घालू नये. बहुसंख्य मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारगाड्यांच्या काही ऑईलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. डब्यावर मोटारसायकलसाठी असलेली ‘जासो एम. ए.’ ही खूण पाहून घ्यावी.

*चेन.* मागचे चाक हाताने फिरवीत चेन जेथे सर्वांत ताणलेली दिसेल तेथे ती वर-खाली हलवून पाहावी. साधारण २० ते ३० मिलिमीटरचा ढिलेपणा योग्य समजला जातो. ताण बदलावयाचा झाल्यास एक्सेलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे समायोजक सारख्याच खुणेपर्यंत फिरवावेत. ते कमी-अधिक झाल्यास चाक वाकडे बसते. नट पक्का आवळल्यावर मागच्या ब्रेकचा पेडल पुन्हा तपासावा, कारण चाक सरकले की ब्रेकचे मापही बदलते. हा शेवटचा टप्पा विसरल्यामुळे अपघात संभवतो. चेनीला ऑईल देताना ते आतील बाजूने द्यावे. चेन साफ करताना वा तिला ऑईल देताना इंजिन बंद असावे. चालू इंजिनाने फिरणाऱ्या चेनीत फडके व बोटे एकदमच अडकतात.

*ब्रेक.* ड्रम ब्रेकच्या पेडलला साधारण २० ते ३० मिलिमीटरची मोकळी चाल असावी. ड्रमवरील झिजेचा बाण अंतिम खुणेस पोहोचला की नवे ब्रेक शू बसवावेत. डिस्क ब्रेकच्या डबीतील द्रवाची पातळी पाहावी, परंतु तेथे सांगितलेल्या प्रकाराखेरीज अन्य कोणताही द्रव घालू नये. डिस्कवर किंवा ब्रेक शूवर ऑईलचा थेंबही पडू देऊ नये. काम संपल्यावर गाडी आधी सपाट मोकळ्या जागी हळू चालवून दोन्ही ब्रेक पाहावेत, मगच रस्त्यावर आणावी.

*प्लग आणि एअर फिल्टर.* प्लगचे टोक पाहून इंजिनाची प्रकृती कळते. ते फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल अधिक व हवा कमी मिळत आहे, आणि अशा वेळी प्रथम एअर फिल्टर पाहावा. टोक ऑईलने ओले असेल तर इंजिनात ऑईल जळत आहे. ते पांढरे पडले असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा इंजिन प्रमाणाबाहेर तापत आहे. या शेवटच्या दोन बाबतींत जाणकार मिस्त्रीस दाखवावे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यांवरील धुळीने एअर फिल्टर लवकर तुंबतो, म्हणून पुस्तिकेत दिलेल्या मुदतीची वाट न पाहता तो आधीच साफ करावा किंवा बदलावा.

गाडी सुरू न झाल्यास

वाटेत गाडी बंद पडली की अनेकजण किक मारीत राहतात. त्याऐवजी ठरावीक क्रमाने तपासणी करावी. इंजिन बंद करण्याचे हँडलवरील बटण चुकून दाबले गेले आहे काय? काही नव्या गाड्या साइड स्टँड खाली असताना चालत नाहीत, तो वर आहे काय? टाकीत पेट्रोल आहे काय, आणि कॉक असल्यास तो उघडा आहे काय? प्लगची टोपी घट्ट बसली आहे काय? फ्यूज शाबूत आहे काय? पुष्कळ वेळा उत्तर येथेच सापडते. त्यानंतर प्लग काढून, पुसून, कोरडा करून पुन्हा बसवावा.

कार्ब्युरेटरच्या गाडीत तळाच्या वाटीतील पाणी व गाळ स्क्रू सैल करून काढता येतो. इंधन-फवारणीच्या गाडीत मात्र पेट्रोलची नळी दाबाखाली असते, ती उघडू नये. इंजिनाच्या चिन्हाचा दिवा पेटून राहिला तर त्याचे निदान तपासणी यंत्र असलेल्या केंद्रातच करून घ्यावे.

पावसाळ्याची विशेष काळजी

या दोन्ही तालुक्यांत पाऊस दांडगा असतो. काळू, शाई आणि भातसा या नद्यांना व त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांना पाहता पाहता पूर येतो. मोरीवरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये. वाहत्या पाण्याच्या जोरापुढे चालकाचे कौशल्य चालत नाही, आणि पाण्याखालील रस्ता वाहून गेला आहे की नाही तेही दिसत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम ऑईल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून ते बदलल्याखेरीज किक मारू नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओल शोषून घेते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते की नाही ते पाहावे व गाडी दीर्घकाळ उभी ठेवू नये. भिजलेल्या चेनीस त्याच संध्याकाळी ऑईल द्यावे. पाण्यातून आल्यावर ओले ब्रेक काही अंतर हलके दाबून सुकवावेत. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना पेट्रोल वाचविण्याच्या हेतूने इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी म्हणजे इंजिनच वेग आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

जुन्या ऑईलचा प्रश्न

मुंबई महानगराची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, तर बारवीचे पाणी मुरबाड परिसरातून पुढे जाते. त्यामुळे ओढ्याकाठी ओतलेले काळे ऑईल हे केवळ त्या गावाचे नुकसान राहत नाही. वापरलेल्या ऑईलमध्ये धातूंचे कण व अपायकारक द्रव्ये असतात. ते ओढ्यात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये, जाळू नये आणि लाकडास लावू नये. झाकणाच्या डब्यात साठवून ते गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. ग्रामपंचायतीने गावातील गॅरेजजवळ एक सामाईक पिंप ठेवल्यास हे काम सुकर होईल.

मर्यादा आणि सामुदायिक प्रयत्न

स्वतः शिकणे म्हणजे मिस्त्रीस रजा देणे नव्हे. इंजिन उघडणे, क्लच प्लेट बदलणे, चाकाचे स्पोक ताणणे, वायरिंगमधील बिघाड आणि डिस्क ब्रेकमधील हवा काढणे ही कामे जाणकाराकडेच सोपवावीत. मात्र प्राथमिक ज्ञान असलेला चालक आपली तक्रार नेमक्या शब्दांत सांगू शकतो, बदललेला जुना भाग मागून पाहू शकतो आणि अनावश्यक खर्च टाळू शकतो.

याकामी गावपातळीवर पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. माध्यमिक शाळेत विज्ञानाच्या तासाला जुने इंजिन उघडून दाखविल्यास पुस्तकातील चार स्ट्रोक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसतील. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, ग्रामपंचायतीने परिसरातील मिस्त्री व औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक यांच्या साहाय्याने एक दिवसाचे तपासणी शिबिर भरवावे. शिबिरात टायर, ब्रेक, दिवे आणि चेन या चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. स्त्री कर्मचाऱ्यांना व मुलींनाही यात आवर्जून सामील करून घ्यावे, कारण आडवाटेला अडकून पडण्याची अडचण त्यांनाच अधिक जाणवते. गावातील तरुण मिस्त्रींना इंधन-फवारणीच्या गाड्यांचे प्रशिक्षण मिळेल असे पाहावे, अन्यथा नव्या गाडीच्या लहानशा बिघाडासाठीही तालुक्याच्या वा कल्याणच्या वाऱ्या कराव्या लागतील.

नवशिक्याने पहिल्या महिन्यात टायर व ऑईल, दुसऱ्या महिन्यात चेन व ब्रेक आणि तिसऱ्या महिन्यात प्लग व फिल्टर असा क्रम ठेवावा. एक काम हाताखालून नीट गेल्यावरच पुढचे हाती घ्यावे. हा क्रम फेब्रुवारीत सुरू केला तर मृगाचा पाऊस येईपर्यंत गाडी आणि चालक दोघेही तयार झालेले असतील.