बेकारी भत्ता : मागणीचा अर्ज आणि पोचपावती

बेज्जूरच्या पूर्वेस प्राणहिता नदी वाहते. पैलतीरी महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा आहे. ऐलतीरी पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात समाविष्ट झालेले बेज्जूर मंडल आहे. सुगी संपली की दोन्ही तीरांवरील भूमिहीन मजुरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : आता काम कोठे मिळेल? या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मात्र पैलतीरी आधी मिळाले, ऐलतीरी त्यानंतर २७ वर्षांनी.

कायद्याची वाटचाल

श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेस महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणी करूनही काम न मिळाल्यास मजुरास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. हा कर नोकरदाराच्या वेतनातून कापून, विवरणपत्रासह शासनाकडे भरण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. शिक्षकाच्या वेतनातील ही कपात आणि मजुराचा भत्ता ही एकाच हिशेबाची दोन पाने होत.

पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ही हमी देशभर नेली. २ फेब्रुवारी २००६ रोजी आरंभ झालेल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत गडचिरोली व आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे होते.

भत्त्याचा हिशेब

२००५ च्या कायद्यानुसार मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर किमान निम्म्या दराने भत्ता देय ठरला. समजा, मजुरीचा दर २०० रुपये आहे आणि अर्ज ५ जून रोजी दिला. मुदत २० जून रोजी संपेल. २१ जूनपासून दररोज ५० रुपये, म्हणजे ३० दिवसांचे १,५०० रुपये होतील; पुढे दररोज १०० रुपये.

या साऱ्या हिशेबाचा पाया ५ जून ही तारीख होय. ती पोचपावतीवर नसेल तर पंधरा दिवस कोठून मोजावयाचे? महाराष्ट्रात मागणीसाठी नमुना ४ आणि पोचपावतीसाठी नमुना ५ ठरविण्यात आला तो याचसाठी. “काम मागितले होते” असे नंतर कितीही सांगितले, तरी तारखेविना त्याचा पुरावा होत नाही.

मजुराची जबाबदारी

हक्काबरोबर अटीही होत्या. कामावर बोलाविल्यानंतर १५ दिवसांत हजर न राहणारा, किंवा परवानगीविना महिन्यात सलग एक आठवड्याहून अधिक गैरहजर राहणारा मजूर तीन महिन्यांपर्यंत भत्त्यास अपात्र ठरे. म्हणून कामावर बोलाविल्याची सूचनाही पावतीइतकीच जपून ठेवणे हिताचे.

अधिकारी व शिक्षक यांचे कार्य

मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. बेकारी भत्त्याचा खर्च मात्र राज्याच्या तिजोरीवर ठेवण्यात आला. काम वेळेवर सुरू करण्याची निकड राज्यास वाटावी, हा त्यामागील हेतू. पावती देण्यास टाळाटाळ झाली की हा हेतूच विफल होतो, कारण मग झालेला विलंब कोठेच नोंदला जात नाही. अर्ज हाती घेताच त्यावर तारीख घालून पोच देणे, हे ग्रामपातळीवरील सेवकाचे पहिले कर्तव्य होय. निरक्षर मजुराचा अर्ज लिहून देणे व पावतीवरील तारीख त्यास वाचून दाखविणे, हे कार्य शिक्षक सहज करू शकतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. कायद्याचे नाव बदलले तरी एक गोष्ट कायम राहते : मागणी लेखी असावी, पावतीवर तारीख असावी आणि ती पावती मजुराच्या स्वतःच्या घरी असावी.