दुसऱ्याचा कोड तपासण्यातलं करिअर

‘दिवसभर दुसऱ्यांचाच कोड वाचत बसतो, स्वतः काही बनवणार कधी?’ इंजिनिअरिंगच्या मुलांचे पालक ही तक्रार हमखास करतात. त्यांनी जरा धीर धरावा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या क्षेत्रात इतरांचा कोड तपासणं ही अनुभवी इंजिनिअरकडे सोपवलेली जबाबदारी असते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचंच बघा. नव्या घडणीचा प्रोसेसर आला, की त्याच्यासाठी तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हजारो ओळींची भर पडते. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-आराखड्याला जानेवारी २०१८ मध्ये, ४.१५ आवृत्तीत प्रवेश मिळाला. चीनच्या लूंगआर्चला २०२२ मध्ये, ५.१९ आवृत्तीत. तपासणारा आधी पाहतो, की सर्वांसाठीचा सामायिक कोड तयार असताना जुन्या प्रोसेसरच्या फायली उचलून तर आणल्या नाहीत ना. सगळ्यात कडक नजर असते सिस्टीम कॉलवर, कारण ॲप्स त्यातूनच कर्नलकडे काम मागतात. हे कॉल एकदा वापरात आले, की बदलता येत नाहीत. बदलले तर लोकांची चालू सॉफ्टवेअर बंद पडतात. ३२ बिटांत सेकंद मोजण्याची जुनी पद्धत १९ जानेवारी २०३८ रोजी तोकडी पडणार आहे. म्हणून नव्या प्रोसेसरसाठी वेळ ६४ बिटांतच घ्या, असा आग्रह तपासणारे धरतात. पुढे देखभाल कोण करणार, हेही विचारलं जातं. २०१८ मध्येच, ४.१७ आवृत्तीत, वापरात न उरलेली आठ आर्किटेक्चर्स, म्हणजे प्रोसेसरच्या घडणी, काढून टाकावी लागली.

तयारी कशी करायची? कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स, कोणतीही शाखा चालेल. सी भाषा, कॉम्प्युटर आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि गिट पक्कं हवं. महागडा बोर्ड लागत नाही. क्यूईएमयू हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर रिस्क-फाइव्ह यंत्र उभं करतं. त्यावर कर्नल चालवा, छोटी चूक शोधा, दुरुस्ती पाठवा. आक्षेप नेमक्या, सभ्य इंग्रजीत मांडायचीही सवय करा.

संधी चिप कंपन्यांत आहेत, तशा देशी प्रकल्पांतही. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच आधारलेले आहेत.

मात्र फ्रेशरला हे काम थेट मिळत नाही. सुरुवात टेस्टिंग आणि दुरुस्त्यांपासून होते, विश्वास हळूहळू बसतो. पहिल्याच वर्षी मोठं पॅकेज हवं असेल, तर दुसरी वाट धरा. पण ‘हे असंच का लिहिलंय?’ हे विचारल्याशिवाय मुलाला चैन पडत नसेल, तर पालकांनो, त्याला खुशाल वाचू द्या.