पोराला सगळं काम शिकवायचं का? तालमीकडून शिकण्यासारखा धंद्याचा धडा



कंधार-लोहा भागात गॅरेज असो की मोबाईल रिपेअरिंग, मालकाची एक भीती ठरलेली: "पोराला सगळं शिकवलं अन् उद्या त्यानं समोरच दुकान टाकलं तर?" मग कुणीतरी म्हणतंच, "वस्तादानं एक डाव राखून ठेवावा."

अमेरिकेतली छोटी विद्यापीठं आपल्या बेसबॉल संघातून पुढे गेलेल्या खेळाडूंची नावं अभिमानाने सांगतात. ती नावं ऐकून नवी पोरं येतात. आपल्याकडे हेच तालमीत घडतं. माळेगावच्या यात्रेत कुस्त्या पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 चे महाराष्ट्र केसरी. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. त्यांचे शिष्य काका पवार, तेही लातूरचेच. काकांनी कात्रजला स्वतःची तालीम उभी केली. म्हणजे शिष्याने 'वेगळं दुकान' टाकलंच की!

पण झालं काय? 2011 मध्ये बिराजदार गेले. त्यांच्याकडे शिकलेला बीड जिल्ह्यातला राहुल आवारे पुढे काकांच्या तालमीत घडला. 2018 ला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. गुरूचं काम शिष्याने पुढे नेलं. जानेवारी 2020 ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत तर हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अशी झाली, दोघंही काकांचेच पठ्ठे. सदगीर जिंकला, पण गदा कुणीही नेली असती तरी नाव तालमीचंच होणार होतं.

आता आपला हिशोब करा. समजा, दुकानात दिवसाला 1500 रुपये सुटतात. पोराला पूर्ण काम येत नाही म्हणून लग्नकार्य, दवाखाना यात महिन्याला 4 दिवस शटर खाली. महिन्याचे 6000, वर्षाचे 72,000 गेले. राखून ठेवलेला डाव एवढा महाग पडतो.

मात्र तालीम आणि दुकान यात एक फरक आहे: दुकानातून जाणारा माणूस गिऱ्हाईकही नेऊ शकतो. म्हणून हे तीन नियम पाळा:

1. हुन्नर पूर्ण द्या. कामाचे टप्पे वहीत लिहा आणि एकेक करून पोराच्या हाती सोपवा.
2. गिऱ्हाईक दुकानाशी बांधा. बिल, वॉरंटी, फोन नंबर सगळं दुकानाच्या नावावर ठेवा.
3. जाणाऱ्याला हसत निरोप द्या. उद्या तो तुमच्याकडूनच पार्ट घेईल आणि त्याला न जमणारं काम तुमच्याकडे पाठवेल.

आजचा गृहपाठ: तुमच्याशिवाय दुकानात कोणती पाच कामं अडतात, ते लिहून काढा. त्यातलं पहिलं काम उद्या सकाळपासून शिकवायला घ्या.