वादळाचा इशारा व विश्वासणाऱ्याचे कर्तव्य

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २७:१ ते २८:२
पूरक वाचन : नीतिसूत्रे २२:३, मत्तय ४:५-७, प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०
पाठांतरासाठी वचन : नीतिसूत्रे २७:१२



आपल्या देशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळांचे दोन हंगाम येतात. एक एप्रिल ते जून व दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. पूर्वी ही मुख्यतः ओरिसा, आंध्र व बंगाल येथील लोकांची काळजी मानली जात असे. परंतु गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचे पाणी तापत चालले असून तेथील वादळांची संख्या व तीव्रता वाढल्याचे शास्त्रज्ञांचे निरीक्षण आहे. २०१७ चे 'ओखी', २०२० चे 'निसर्ग' आणि २०२१ चे 'तौक्ते' ही नावे कोकण, गोवा, केरळ व गुजरात येथील बांधव विसरलेले नाहीत. म्हणून या पाठात आपण एका प्रश्नाचा विचार करू : वादळाचा इशारा मिळाला असता विश्वासणाऱ्याने काय करावे?

हा प्रश्न मी दुसऱ्यांसाठी मांडत नाही. २ जून २०२० च्या संध्याकाळी, टाळेबंदीमुळे एकत्र जमता येत नसल्याने, रायगड जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातील काही ख्रिस्ती कुटुंबांबरोबर आम्ही फोनवरून प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी 'निसर्ग' किनाऱ्यावर येणार होते. वादळाची दिशा बदलावी म्हणून मी कळकळीने विनवणी केली. सर्वांनी 'आमेन' म्हटले आणि फोन ठेवले. त्या गावात खाडीच्या अगदी कडेला एका जुन्या कौलारू घरात आमच्यापैकीच एक वृद्ध विधवा एकटी राहात असे. तिला तेथून कोण हलविणार, हे आम्हांपैकी एकानेही विचारले नाही. रात्री शेजारच्या कोळी कुटुंबातील दोघा तरुणांनी तिला खुर्चीत बसवून शाळेच्या इमारतीत नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घराचे छप्पर कोसळले. ती वाचली, परंतु आमच्यामुळे नव्हे. आमच्या प्रार्थनेत खोट नव्हती. खोट होती ती प्रार्थनेनंतरच्या स्वस्थतेत. तेव्हापासून प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय मी निराळ्या दृष्टीने वाचू लागलो.

(१) इशारा आणि बहुमत (२७:९-१२)

पौल कैदी म्हणून रोमला जात होता. तारू क्रेत बेटावरील 'सुंदर बंदर' येथे थांबले, तेव्हा प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास होऊन गेला होता, असे लूक नमूद करतो. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस. भूमध्य समुद्रात यानंतर प्रवास धोक्याचा मानीत आणि हिवाळ्यात तो बहुधा बंदच असे. जसे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये होड्या ओढून ठेवण्याची रीत आहे, तसेच हे समजावे. पौलाने इशारा दिला : माल व तारूच नव्हे, तर जीवही धोक्यात येतील. परंतु शताधिपतीने तांडेल व तारवाचा मालक यांचे ऐकले. बंदर हिवाळ्यासाठी सोयीचे नव्हते आणि बहुमतही पुढे जाण्याच्या बाजूचे होते.

शताधिपती दुष्ट नव्हता. पौलाशी तो माणुसकीने वागला होता (२७:३). त्याने अनुभवी माणसांचा सल्ला घेतला, एवढेच. परंतु इशारा ऐकताना ज्यांचे नुकसान व्हायचे आहे अशांचे मत सर्वांत मोठे ठरले. आजही हेच घडते. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळात मुंबईनजीकच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. हवामान खात्याचे इशारे आधीच्या काही दिवसांपासून प्रसृत होत होते. बार्जवर २६१ जण होते; त्यांपैकी सत्तराहून अधिक जणांचा अंत झाला. पौलाच्या तारवावर २७६ जण होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचताना मन थरारते.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात एकच सूत्र जवळजवळ त्याच शब्दांत दोनदा आले आहे (२२:३, २७:१२) : शहाणा मनुष्य अरिष्ट येताना पाहून आश्रय घेतो, भोळा तसाच पुढे जातो व त्याचे फळ भोगतो. येथे शहाण्यासाठी 'आरूम' हा इब्री शब्द आहे. उत्पत्ती ३:१ मध्ये सर्पाच्या धूर्तपणासाठीही हाच शब्द योजला आहे. अनुवादक म्हणून या शब्दाशी मी पुष्कळ झगडलो. तीच चतुराई देवाच्या भयात वापरली म्हणजे ती सद्गुण ठरते. आश्रय घेणाऱ्याला शास्त्र भित्रा म्हणत नाही, हे येथे स्पष्ट होते.

(२) मंद वारा (२७:१३-२०)

इशाऱ्यानंतर लगेच वादळ आले नाही. उलट दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सर्वांना वाटले, आपला बेत साधला. थोड्याच वेळात 'युरकुलोन' नावाचे तुफान तारवावर कोसळले. मूळ ग्रीकमध्ये या वाऱ्यासाठी 'टुफोनिकोस' असे विशेषण आहे. ते ऐकून आपल्याला 'तुफान' आठवल्यावाचून राहात नाही.

किनाऱ्यावरील बांधवांनी हा मंद वारा नीट ओळखावा. ऐन वादळातही तो येतो. चक्रीवादळाचा मध्यभाग, ज्याला त्याचा 'डोळा' म्हणतात, गावावरून जाऊ लागला म्हणजे वारा एकाएकी पडतो. आकाशही क्वचित मोकळे दिसते. लोक घराबाहेर येतात, होडी पाहावयास धावतात. काही वेळाने तितक्याच जोराने उलट दिशेचा वारा सुटतो. म्हणून वारा पडला एवढ्यावरून वादळ संपले असे मानू नये. अधिकृत सूचना मिळेपर्यंत निवारा सोडू नये.

(३) अभिवचन आणि उपाय (२७:२१-३२)

हा या पाठाचा गाभा आहे. देवदूताने पौलाला सांगितले की, तारवावरील एकाही जिवाचा नाश होणार नाही. यापेक्षा खात्रीचे अभिवचन कोणते? तरीही थोड्याच वेळाने, खलाशी लहान होडी उतरवून गुपचूप निसटू पाहात असता, तोच पौल शताधिपतीला व शिपायांना बजावतो : ही माणसे तारवात राहिली नाहीत, तर तुम्ही वाचू शकणार नाही (२७:३१). अभिवचनावर पौलाचा विश्वास नव्हता काय? होता, म्हणूनच तो असे बोलला. देवाने शेवट ठरविला होता आणि त्या शेवटाकडे नेणारे साधनही ठरविले होते. ते साधन म्हणजे कामाची माहिती असलेले खलाशी. साधन झुगारून देऊन अभिवचनाचा आधार घेणे म्हणजे मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे होय; आणि ते प्रभूने नाकारले (मत्तय ४:५-७).

येथे एक शब्द ध्यानात घ्यावा. सतराव्या वचनात खलाशी तारू फुटू नये म्हणून दोरांनी आवळतात. त्या उपायांसाठी लूक 'बोएथेया' म्हणजे 'साहाय्य' हा शब्द योजतो. संपूर्ण नव्या करारात हे नाम फक्त दोन ठिकाणी आले आहे : एक येथे आणि दुसरे इब्री लोकांस पत्र ४:१६ मध्ये, जेथे कृपेच्या राजासनाजवळून ऐन वेळी मिळणाऱ्या साहाय्याविषयी सांगितले आहे. तारवाला आवळणारा दोर आणि देवाच्या सिंहासनापासून येणारी मदत या दोहोंना एकच शब्द! एकोणतिसाव्या वचनातही हीच जोडी दिसते : चार नांगर टाकले जातात, आणि पहाटेसाठी याचनाही होते. नांगर टाकले म्हणून याचना थांबली नाही; याचना केली म्हणून नांगर टाकावयाचे राहिले नाहीत.

निसटू पाहणाऱ्या खलाशांचीही आठवण ठेवावी. ज्यांच्याजवळ होडी होती, तेच आधी निघू पाहात होते. आज ज्यांच्याजवळ गाडी आहे, शहरात नातलग आहेत, ते वेळेवर निघतात. मागे राहतात वृद्ध, अपंग, गर्भवती स्त्रिया, एकटी माणसे व परप्रांतीय मजूर.

(४) भाकर, फळ्या आणि शेकोटी (२७:३३ ते २८:२)

चौदा दिवस उपाशी असलेल्यांना पौल अन्न घेण्यास विनवितो. हे तुमच्या 'सोतेरिया'साठी आहे, असे तो सांगतो. याच शब्दाचे आपण इतरत्र 'तारण' असे भाषांतर करतो. येथे अर्थातच जीव वाचणे एवढाच अर्थ आहे. परंतु पोटात घास जाणे ही गोष्ट या मोठ्या शब्दाला कमीपणा आणणारी लूकला वाटली नाही. मग पोहणारे आधी उडी टाकतात, बाकीचे फळ्यांवरून व तारवाच्या तुकड्यांवरून येतात, आणि सर्व जण किनाऱ्याला लागतात. तेथे मिलिता, म्हणजे आजचे माल्टा, या बेटावरील परके लोक पाऊस व थंडी यांमुळे शेकोटी पेटवून त्यांचे स्वागत करतात. लूक त्यांना 'बार्बारोइ' म्हणतो, म्हणजे ग्रीक न बोलणारे. हे वचन वाचताना मला ती खुर्ची वाहून नेणारे दोघे कोळी तरुण दिसतात.

(५) इशारा ऐकल्याने काय घडते?

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले. समुद्राचे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरले आणि सुमारे १०,००० माणसे मरण पावली. वाऱ्यापेक्षा अशा पाण्यानेच अधिक बळी जातात. त्यानंतर त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, उंच खांबांवर शेकडो निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले व रंगीत तालमी घेतल्या. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' हे अतितीव्र वादळ त्याच राज्यात गोपाळपूरजवळ आले. त्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले होते. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. समुद्र तोच होता. बदलली होती ती माणसांची तयारी.

याउलट २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस 'ओखी' इतक्या झपाट्याने वाढले की, केरळ व कन्याकुमारीचे अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. त्यांपैकी शेकडो परतले नाहीत; त्यांत आपले ख्रिस्ती बांधव पुष्कळ होते. साठाहून अधिक नौका मात्र सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. किनाऱ्यावरच्या इशाऱ्याइतकेच समुद्रात पोहोचणारे संदेशाचे साधनही महत्त्वाचे आहे, हे यावरून शिकावे.

(६) मंडळीने काय करावे?

अगबाने दुष्काळाची पूर्वसूचना दिली, तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे असे ठरविले व मदत पाठविली (कृत्ये ११:२७-३०). सूचना, निश्चय, कृती हा क्रम आपणही ठेवावा. हवामान खाते चार टप्प्यांत सूचना देते. त्याच टप्प्यांवर मंडळीची कामे वाटून घ्यावीत.

हंगामापूर्वी : एकट्या, वृद्ध व आजारी माणसांची यादी करावी, ती केवळ सभासदांची नव्हे, तर वस्तीतील सर्वांची असावी. प्रत्येक नावापुढे दोन जबाबदार तरुणांची नावे लिहावीत. मंदिराचे छप्पर जाणकाराकडून तपासून घ्यावे. ते मजबूत व उंचावर असेल तरच तहसील कार्यालयाला विचारून निवारा म्हणून द्यावे.

सुमारे ७२ तास आधी, पहिली सूचना : यादीतील प्रत्येकाची भेट घ्यावी. समुद्रात असलेल्यांना निरोप पोहोचवावा.

४८ तास आधी : होड्या सुरक्षित जागी ओढाव्यात. सुटे पत्रे बांधावेत. उडणारा पत्रा जीव घेतो. पिण्याचे पाणी, पोहे, फुटाणे, गूळ, नित्याची औषधे, विजेरी व सेलवरचा रेडिओ जमवावा. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावीत.

२४ तास आधी : सखल भागातील माणसांना उजेड असतानाच हलवावे. जनावरांची दावी सोडावीत.

१२ तास आधी : कोणीही घराच्या ओढीने मागे फिरू नये. गरज पडल्यास ११२ अथवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर कळवावे.

वादळानंतर : तुटलेल्या तारांना हात लावू नये, पाणी उकळून प्यावे आणि यादी पुन्हा हाती घेऊन प्रत्येक नावाची खात्री करावी.

आपण नागपूर, इंदूर किंवा दिल्ली अशा किनाऱ्यापासून दूरच्या गावी राहात असाल, तर हा पाठ आपला नव्हे असे मानू नका. तेथे पूर येतो, उष्णतेची लाट येते. यादी तेथेही लागतेच.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. शताधिपतीने पौलाचा इशारा का मानला नाही? आपण कोणत्या कारणांनी इशारे दुर्लक्षितो?
२. कृत्ये २७:२४ आणि २७:३१ ही वचने एकत्र वाचा. 'प्रभू राखील' असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्याला त्यांवरून काय सांगाल?
३. आपल्या वस्तीत एकटे राहणारे कोण आहेत? त्यांची नावे आताच लिहून काढा.
४. इतर धर्मीय शेजाऱ्यांबरोबर मिळून कोणती तयारी करता येईल?

प्रार्थना

हे वारा व समुद्र यांच्या प्रभू, तू दिलेल्या इशाऱ्यांना आम्ही भय अथवा अविश्वास समजू नये असे कर. आमचे गुडघे टेकलेले असोत आणि आमचे हात दोर आवळण्यात गुंतलेले असोत. ज्या दाराशी कोणी जात नाही, त्या दाराशी आम्हांला वेळेवर ने. येशूच्या नावाने मागतो. आमेन.